भित्रा मोहन आणि सेवाग्रामचा चिमटा

सेलूहून वर्ध्याला जाताना वाटेत पवनार लागते, धाम नदी लागते. वर्ध्याच्या पुढे आठ किलोमीटरवर सेवाग्राम. आमच्या भागातल्या शाळांच्या सहली वर्षानुवर्षे याच वाटेने जात आल्या आहेत आणि शिक्षिका म्हणून त्यातल्या कितीतरी सहलींबरोबर मी गेले आहे. मुले चरखा पाहतात, बापू कुटीतली साधी बैठक पाहतात. हळू बोला असे बजावले तरी कुजबुजतात. पण त्यांचे पाय हमखास थबकतात ते एका वेगळ्याच वस्तूपाशी. साप धरण्याचा चिमटा आणि साप ठेवण्याचा पिंजरा. साप निघाला तर मारायचा नाही. चिमट्याने धरायचा, पिंजऱ्यात घालायचा आणि दूर रानात नेऊन सोडायचा, असा आश्रमाचा शिरस्ता होता. गांधीजी सापाला भीत नव्हते का, हा प्रश्न मग कोणी ना कोणी विचारतेच.

या प्रश्नाचे खरे उत्तर मुलांना फार आवडते. गांधीजी सापाला भीत होते. नुसत्या सापाला नव्हे, तर अंधाराला, चोरांना, भुतांना आणि चार माणसांसमोर तोंड उघडायलाही भीत होते. हे कोणा विरोधकाने उठवलेले किटाळ नाही; त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथेत सविस्तर लिहून ठेवले आहे. त्यांचे आयुष्य आपण स्वातंत्र्यलढ्याच्या अंगाने पुष्कळदा वाचले. आज ते भीतीच्या अंगाने वाचून पाहू. कारण भीतीवर आज मानसोपचारात जो उपाय अत्यंत परिणामकारक मानला जातो, त्याच्या बहुतेक पायऱ्या या एका आयुष्यात सापडतात. आणि त्या कोणा डॉक्टरने सांगितलेल्या नव्हत्या.

दिव्याशिवाय झोप नाही

मोहनदास करमचंद गांधींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. वडील संस्थानाचे दिवाण, घरात माणसांचा राबता. तरीही हा मुलगा कमालीचा बुजरा. पुढे राजकोटला शाळेत जाऊ लागल्यावर घंटा वाजताना वर्गात पोचायचे आणि शाळा सुटताच घराकडे धूम ठोकायची, हा त्याचा रोजचा क्रम. कोणी गाठून बोलेल, थट्टा करील, हीच धास्ती. पुस्तके आणि धडे एवढेच सोबती.

रात्र झाली की भीतीचे रूप बदलायचे. एका बाजूने भूत येईल, दुसऱ्या बाजूने चोर, तिसऱ्या बाजूने साप, असे वाटत राहायचे. खोलीत दिवा जळत असल्याशिवाय डोळा लागत नसे. तेराव्या वर्षी लग्न झाले. कस्तुरबा त्याच्याच वयाच्या. त्या अंधारात कुठेही बेधडक जात. या गोष्टीची मोहनला मनातून लाज वाटे. पण लाजेने भीती जात नाही. उलट भीतीवर लपवाछपवीचे आणखी एक ओझे चढते. आपल्या घराघरांत भित्र्या मुलाला धाकट्या बहिणीचा दाखला देऊन हिणवणाऱ्या मोठ्यांनी हे लक्षात ठेवावे.

घरात रंभा नावाची जुनी दाई होती. तिने त्याला रामनाम दिले. त्याने त्या वयात धीर आला आणि हे नाव पुढे जन्मभर सोबत राहिले. दुसरा उपाय सुचवला एका दांडग्या मित्राने. तो जिवंत साप हातात धरल्याच्या गप्पा मारायचा, भूतबीत मानायचा नाही. हे सारे बळ मांसाहाराचे, असे त्याने मोहनला पटवले. वैष्णव घरातला हा मुलगा चोरून मांस खाऊ लागला. पहिल्याच रात्री पोटात बकरी ओरडते आहे असे वाटून तो दचकून उठत राहिला. पुढे आईवडिलांशी खोटे बोलावे लागते या टोचणीने त्याने ते सोडून दिले. धाडस काही ताटातून आले नाही.

सुटकेचे सुख

१८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला निघताना राजकोटच्या शाळेने निरोप दिला. आभाराचे चार शब्द त्याने कागदावर लिहून नेले होते. वाचताना डोके गरगरले, सर्वांग थरथरले आणि ते चार शब्दही जेमतेम बाहेर पडले. बोटीवर इंग्रजीत बोलावे लागेल आणि काट्याचमच्याने खावे लागेल म्हणून तो जेवणाच्या टेबलाकडे फिरकलाच नाही. बरोबर आणलेली मिठाई आणि फळे खोलीतच खाऊन दिवस काढले.

लंडनमध्ये शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर त्याची निवड झाली. तो प्रत्येक बैठकीला जाई, मात्र मुका बसून राही. एकदा एका सभासदाला मतभेदामुळे काढून टाकण्याचा विषय निघाला. हा अन्याय आहे असे त्याचे ठाम मत होते. त्याने ते लिहून काढले, पण वाचायला उभे राहवेना. शेवटी ते दुसऱ्याने वाचले. व्हेंटनर या गावी शाकाहारावर बोलायचे ठरले. फुलस्केपचे एकच पान, तेही लिहिलेले. उभा राहिल्यावर डोळ्यांपुढे अक्षरे धूसर झाली, हातपाय कापू लागले आणि पान सोबत्याच्या हाती द्यावे लागले. १८९१ साली परतण्यापूर्वी त्याने मित्रांना मेजवानी दिली. विनोदी सुरुवातीचे छोटे भाषण मोठ्या हौसेने पाठ केले होते. पहिल्या वाक्यानंतर पुढचे सगळे पुसले गेले. आभार मानून खाली बसला.

आणि मग मुंबई. बॅरिस्टर गांधींना लघुवाद न्यायालयात पहिला खटला मिळाला. फी तीस रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला ते उभे राहिले आणि काळीज पोटात गेले. सारे न्यायालय डोळ्यांपुढे फिरू लागले. एक प्रश्न सुचेना. ते खाली बसले, पक्षकाराच्या माणसाला दुसरा वकील गाठायला सांगितले आणि फी परत केली. दुसऱ्या वकिलाने एक्कावन्न रुपये घेतले आणि काम सहज उरकले. दक्षिण आफ्रिकेला जाईपर्यंत गांधींनी पुन्हा न्यायालयात उभे राहण्याचे धैर्य केले नाही.

हे सगळे प्रसंग ओळीने ठेवून पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. दर वेळी खाली बसताच केवढे हायसे वाटले असेल! छातीतली धडधड थांबते, घाम वाळतो, जीव भांड्यात पडतो. हे हायसे वाटणे हीच भीतीची खरी शिदोरी आहे. पळालो म्हणून वाचलो, असा धडा मन त्यातून शिकते. पुढच्या वेळी ते पळण्याचा सल्ला आणखी लवकर, आणखी मोठ्याने देते. थांबलो असतो तर काय झाले असते, हे कळण्याची संधीच मिळत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस अशी आपल्याकडे म्हण आहे. पळणाऱ्याच्या मागे लागून तो राक्षस रोज थोडा थोडा मोठा होतो, हे त्या म्हणीतले मानसशास्त्र.

लिहिलेला कागद दुसऱ्याच्या हाती देणे किंवा खोलीत दिवा ठेवणे हीदेखील पळण्याचीच सौम्य रूपे. कुबडी घेऊन चालणाऱ्याला वाटते की आपण कुबडीमुळे चाललो. पायात बळ आहे याचा पत्ता त्याला लागत नाही.

प्रिटोरियातली बैठक

१८९३ साली एका व्यापारी पेढीच्या खटल्यासाठी गांधी दक्षिण आफ्रिकेला गेले. पीटरमॅरित्झबर्गच्या स्टेशनावर त्यांना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवले, ती थंडीची रात्र सर्वांना ठाऊक आहे. त्या रात्री त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. परत फिरणे किंवा पुढे प्रिटोरियाला जाणे. ते पुढे गेले. आतापर्यंतच्या पळण्याच्या साखळीतला हा पहिला मोठा खंड.

प्रिटोरियात पोचल्यावर आठवडाभरातच त्यांनी तिथल्या हिंदी लोकांची एक बैठक एका शेटजींच्या घरी बोलावली. विषय होता व्यापारातला सचोटीपणा. जन्मातले पहिले जाहीर भाषण त्यांनी येथे केले, आणि ते निभावले. याच माणसाची मुंबईत वाचा बसली होती, मग येथे ती कशी फुटली? मला त्याची तीन कारणे दिसतात. जागा घरगुती होती, कचेरी नव्हती. माणसे मोजकी आणि आपल्याच देशाची होती. आणि विषय असा होता की बोलणारा स्वतःकडे न पाहता त्या माणसांच्या हालांकडे पाहत होता. म्हणजे शिडीची पायरी पाय पोचेल एवढ्याच उंचीवर होती.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे गोष्ट एकाच भाषणावर थांबली नाही. अशा बैठका नियमित भरू लागल्या. प्रिटोरियात असा हिंदी माणूस क्वचितच उरला ज्याला गांधी ओळखत नव्हते. ज्यांना इंग्रजी शिकायचे होते त्यांना शिकवायला ते स्वतः त्यांच्या दारी जात. एक न्हावी, एक कारकून आणि एक छोटा दुकानदार हे त्यांचे विद्यार्थी. शाळा सुटताच पळत घर गाठणारा मुलगा आता परक्यांच्या दुकानात बसून धडे देत होता.

याच रीतीला पुढे शास्त्राने नाव दिले. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका लहान मुलाची सशाची भीती घालवल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. मुलगा आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. सशाला न भिणारी दुसरी मुलेही त्याच्या आसपास खेळत असत. शेवटी तो मुलगा सशाला कुरवाळू लागला. पुढे जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने या रीतीला पक्के शास्त्रीय रूप दिले आणि १९५८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. योगायोग असा की वोल्पे मूळचा जोहान्सबर्गचा, म्हणजे ज्या शहरात गांधींनी वर्षानुवर्षे वकिली केली त्याच शहरातला. भीतीच्या गोष्टींची सोप्यापासून अवघडापर्यंत उतरंड लावायची, अंग सैल सोडायला शिकवायचे आणि एकेक पायरी चढवायची, ही त्याची पद्धत. तेव्हा पायऱ्या मुख्यतः मनात आणून चढवीत. आज शक्य तिथे प्रत्यक्ष गोष्टीलाच सामोरे जायला सांगतात. यालाच एक्स्पोजर थेरपी म्हणतात. घरगुती मराठीत सांगायचे तर ज्याची भीती त्याच्याकडे पायरीपायरीने जाणे, आणि तिथे पळून न जाता थांबणे.

यातला थांबणे हा शब्द महत्त्वाचा. भीती उसळते तेव्हा ती अशीच चढत जाऊन आपला जीव घेईल असे वाटते. पण तिलाही दम लागतो. माणूस जागा न सोडता थांबला तर ती बहुतेक वेळा आपोआप ओसरू लागते. क्वचित नाही ओसरली, तरी जे भयंकर होणार म्हणून मन ओरडत होते ते झाले नाही, एवढे तर कळतेच. आमच्या भागात मुले विहिरीत पोहायला शिकतात ती पाठीला रिकामा डबा बांधून. काठावर उभे राहून पाण्याचे कितीही वर्णन ऐका, हात काही हलत नाहीत. आणि डबा जन्मभर सोडला नाही तर तेही पोहणे नव्हे.

भीती परत येते तेव्हा

येथवर वाचून कोणी म्हणेल, प्रिटोरियात भीती गेली आणि गोष्ट संपली. तशी ती संपत नाही, आणि मला गांधीजींच्या कहाणीतला सर्वांत दिलासा देणारा भाग तोच वाटतो.

१८९४ साली नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. सभा, अर्ज, न्यायालय यांत तीन वर्षे मुरलेले गांधी १८९६ साली हिंदुस्थानात आले. पुण्यात टिळक, गोखले, भांडारकर यांना भेटले. मुंबईत सर फिरोजशहा मेहतांनी त्यांच्यासाठी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सभा भरवली. सभागृह खचाखच भरले होते. गांधी भाषण वाचू लागले आणि पुन्हा तेच कापरे, तोच बसलेला आवाज. फिरोजशहा मोठ्याने बोलायला सांगून धीर देत होते, तसतसा आवाज अधिकच खाली जात होता. जुने मित्र केशवराव देशपांडे मदतीला धावले, त्यांनी कागद हाती घेतला. पण श्रोत्यांनी दिनशा वाच्छांच्या नावाचा गजर केला आणि अखेर भाषण वाच्छांनी वाचले. १९०१ साली कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये दक्षिण आफ्रिकेचा ठराव मांडायलाही ते कापत कापतच उभे राहिले. वेळ संपत आल्याची सूचना देणारी घंटा वाजली. ती नुसती सूचना आहे हे ठाऊक नसल्याने ते लगेच खाली बसले.

दक्षिण आफ्रिकेत कमावलेले धैर्य मुंबईत कुठे गेले? आजचे संशोधन याचे उत्तर देते. सामोरे गेल्याने जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी एक नवी आठवण तयार होते, की येथे काही धोका नाही. ही नवी आठवण ज्या जागी, ज्या माणसांत तयार झाली तिथे ती जोरदार असते. जागा बदलली, माणसे बदलली, की जुनी भीती पुन्हा डोके वर काढते. प्रिटोरियातले शेटजींचे घर वेगळे आणि मुंबईच्या नामवंतांनी भरलेले सभागृह वेगळे. म्हणूनच एका जागी धीट झालेल्या माणसाला चार वेगवेगळ्या जागी सराव करायला सांगतात. भीती परत आली म्हणजे आधीची मेहनत वाया गेली असे नव्हे. पुढची पायरी चढायची राहिली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

गांधींनी हे कोणत्या ग्रंथात वाचले नव्हते. ते फक्त पुढच्या सभेला उभे राहत गेले. फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात त्यांनी संस्थानिकांच्या तोंडावर त्यांच्या जडजवाहिराबद्दल खडे बोल सुनावले. ॲनी बेझंट मध्ये पडल्या, राजेमहाराजे उठून गेले, गोंधळ झाला. मुंबईच्या न्यायालयात एक प्रश्न न विचारता बसलेल्या तरुणाला तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती.

साप, फौजदार आणि महारोग

आता सापाकडे वळू. १९१० साली जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म सुरू झाले. ही जमीन हर्मन कॅलनबॅक या वास्तुरचनाकार मित्राची. तिथे साप फार. कॅलनबॅकने सापांवरची पुस्तके जमवली, विषारी कोणते आणि बिनविषारी कोणते हे सगळ्यांना शिकवले. एक नाग त्याने पिंजऱ्यात ठेवला होता आणि तो स्वतःच्या हाताने त्याला खायला घाली. माहिती ही भीतीच्या शिडीची पहिली पायरी, हे येथे दिसते. तरी गांधींनी स्वतःला फसवले नाही. एकदा कॅलनबॅकच्या खोलीत साप अशा जागी निघाला की त्याला हाकलणे शक्य नव्हते. गांधींनी तो मारू दिला. आणि पुढे लिहिताना कबूल केले की हाताने साप धरण्याची हिंमत तेव्हा आपल्यात नव्हती आणि नंतरही आलेली नाही.

म्हणूनच सेवाग्रामचा चिमटा मला बोलका वाटतो. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात आले. विदर्भातल्याच दुसऱ्या शेगावशी टपालाची गफलत होऊ लागली, म्हणून १९४० साली त्याचे सेवाग्राम झाले. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात गुडघाभर चिखल आणि साप-विंचू ठरलेले. ज्याला साप हाताने धरता येत नाही, पण मारायचाही नाही आणि पळायचेही नाही, त्याने हातभर अंतर राखून उभे राहण्याची युक्ती काढली. भीती शून्यावर आणण्याचा हट्ट नाही; काम करता येईल इतकी ती आटोक्यात आणायची. रात्री ओलिताला वावरात जाणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला सापाची थोडी भीती हवीच. ती त्याच्या हाती टॉर्च देते, पायात गमबूट घालते. पण त्याच भीतीने तो वावरात जाणेच बंद करू लागला, तर ती राखण करणारी राहिली नाही, मालकीण झाली.

स्वतःवर अजमावलेले हे औषध गांधींनी पुढे माणसांच्या समूहाला दिले. १९१७ साली चंपारणात निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध शेतकऱ्यांच्या जबान्या नोंदवल्या जात होत्या. तिथे गुप्त पोलीस खात्याचा माणूस येऊन बसे. गांधींनी त्याला हाकलले नाही, उलट बसू दिले. ज्याच्या नुसत्या नावाने गावे चळचळा कापत, त्याच्याच डोळ्यांदेखत शेतकरी आपले गाऱ्हाणे सांगू लागला. सांगितले आणि आभाळ कोसळले नाही. दुसरा आला, तिसरा आला. पोलिसाची नको तेवढी भीती लोकांच्या मनातून गेली, आणि जबानीत फुगवून सांगणेही कमी झाले, असे गांधींनी नमूद केले आहे.

महारोगाची भीती तर त्या काळी घराघरांत होती. संस्कृतचे विद्वान परचुरे शास्त्री यांना हा रोग जडला होता. तुरुंगातून त्यांची गांधींशी ओळख होती. १९३९ साली ते सेवाग्रामला आले, तेव्हा गांधींनी आपल्या कुटीजवळच त्यांची सोय केली आणि रोज स्वतः त्यांची सेवाशुश्रूषा केली. प्रवचनाने ही भीती जाणारी नव्हती. डोळ्यांसमोर रोज एक माणूस ते काम शांतपणे करताना दिसणे आवश्यक होते. सशाला न भिणारी मुले पाहून भित्र्या मुलाला धीर यावा, तसेच हे. आपल्याच जिल्ह्यात दत्तपूरला मनोहर दिवाणांनी महारोग्यांच्या सेवेचे काम १९३६ साली सुरू केलेले होते. पुढे परचुरे शास्त्रीही तिथे गेले. आज हा आजार गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. तेव्हा तसे नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या धैर्याचे मोल कळते.

आपल्या घरात

शिक्षिका म्हणून मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. पंधरा ऑगस्टच्या भाषणासाठी नाव निघाले की काही मुलांच्या पोटात दुखू लागते. पालक येतात आणि तिला नका बोलायला लावू, ती घाबरते, म्हणून विनवतात. माया खरी असते, पण त्या मायेने मुलीला मिळते ती फक्त सुटका, आणि सुटकेवर भीती पोसते. दुसरे टोक म्हणजे तिला एकदम हजार माणसांसमोर ढकलणे. पोहता न येणाऱ्याला विहिरीत लोटण्यासारखेच ते. दुधाने तोंड भाजले की ताकही फुंकून पितात. असे लोटलेले मूल पुढे वर्गातही तोंड उघडत नाही. आम्ही मधला मार्ग धरत असू. आधी बाकावर बसून मैत्रिणीला वाचून दाखवायचे. मग चौघींना. मग वर्गात उभे राहून. मग प्रार्थनेच्या वेळी एक सुविचार. पायरी कोणती आणि कधी, हे मुलीने ठरवायचे. पायरी चढायचीच, हे मात्र दोघींनी मिळून ठरवायचे.

मोठ्यांचेही हेच. लिफ्ट, इंजेक्शन, कुत्रा, गर्दी, मुलाखत, अपघातानंतर पुन्हा गाडीवर बसणे, या भीतींची शिडी घरच्या घरी मांडता येते. परंतु भीतीने नोकरी, शाळा, झोप विस्कटली असेल, अचानक जीव घाबरा होण्याचे झटके येत असतील, किंवा मागे एखादी भयंकर घटना घडून गेलेली असेल, तर हे काम एकट्याने करू नये. आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. मनाच्या डॉक्टरकडे जाण्याचीच भीती वाटत असेल, तर तो फोन ही पहिली पायरी समजावी.

गांधीजींनी आत्मकथा लिहिली तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती, सारा देश त्यांना ऐकायला जमत होता. तरीही त्यांनी लिहिले की आपला बुजरेपणा पूर्णपणे कधीच गेला नाही. उलट त्याचे त्यांनी आभारच मानले आहेत. त्यामुळे शब्द तोलून वापरायची सवय लागली, असा त्यांचा हिशेब. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँकवर साम्राज्याला चले जाव सांगणारा आवाज मोठा नव्हता, दणदणीतही नव्हता. ज्या मुंबईत त्यांची वाचा बसली होती, त्याच मुंबईत त्या हळू आवाजासाठी असंख्य माणसांचे कान टवकारले होते.

२० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला भवनातल्या प्रार्थनासभेत बॉम्बचा स्फोट झाला. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेण्याची परवानगी पोलिसांनी मागितली. गांधीजींनी ती दिली नाही. दहा दिवसांनी, ३० जानेवारीच्या संध्याकाळी, दोन मुलींच्या खांद्यांवर हात ठेवून अठ्ठ्याहत्तर वर्षांचे ते गृहस्थ उघड्या हिरवळीवरून, गर्दीतून, नेहमीच्या वाटेने प्रार्थनेला निघाले. प्रार्थनेला थोडा उशीर झाला होता, म्हणून ते जरा भरभर चालत होते.